दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटण नव्हतं

गेल्या महिन्यात परळच्या आपल्या बैठकीत एक पत्र सह्यांसाठी फिरलं. नाक्यावर गेमिंगचं जे दुकान निघालं आहे ते बंद करावं, अशी त्यात मागणी होती. महापालिकेच्या विभाग कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला ते द्यायचं ठरलं होतं. माझ्या हातात आलं तेव्हा त्यावर सतरा सह्या होत्या. मी सही केली नाही. कारण सांगायला तिथे वेळ मिळाला नाही, रेशनचा विषय अजून व्हायचा होता. नंतर दोघीतिघींनी फोन करून विचारलं, "मुलांनी दिवसभर मारामारीचे खेळ खेळावेत असं तुझं मत कधीपासून झालं?" माझं तसं मत नाही. पण मत काय आहे ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

मैत्रिणींनो, त्या पत्रात एका मुलीचा उल्लेख आहे. नाव घातलेलं नाही, तेवढा संयम आपण पाळला. 'वस्तीतील एका अल्पवयीन मुलीचे शिक्षण या दुकानामुळे सुटले,' असं वाक्य आहे. ही मुलगी आपल्या किशोरी गटातली, नववीतली. क्लासला जाते असं सांगून ती आठवड्यातून दोनदा त्या दुकानात अर्धा-अर्धा तास खेळत होती. एका संध्याकाळी तिच्या भावानं तिला तिथे पाहिलं. भाऊ तिथे कशाला गेला होता? खेळायला. तो रोज जातो. त्यानं बहिणीला तिथून घरी हाकललं, स्वतः भरलेल्या पैशांचा वेळ पूर्ण खेळला आणि मग घरी येऊन वडिलांना सांगितलं. रात्री तिला मार पडला. मोबाइल काढून घेतला. आठवड्याभरात तिला गावी आजीकडे पाठवून दिलं. हे सगळं मला तिच्या आईनं सांगितलं. भाऊ तेवढा वेळ खेळत थांबला, यात सांगताना तिला काही वावगं वाटलं नाही.

आता मला सांगा, तिचं शिक्षण कोणामुळे सुटलं? दुकानामुळे सुटलं असतं तर भावाचंही सुटायला हवं होतं.

या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. मी लालबागच्या चाळीत वाढले. १९८२च्या संपात वडिलांची गिरणी सुटली. माझा जन्म त्यानंतरचा. मला आठवतात ते वॉचमनच्या खाकी शर्टातले वडील आणि सहा-सात जणांची खानावळ चालवणारी आई. १९९८ साली, मी नऊ वर्षांची असताना, आईची भिशी लागली. त्या पैशातून दादाला व्हिडिओ गेम आला. मनीष मार्केटमधून वडील घेऊन आले. भिशी आईची, गेम दादाचा. तेव्हा यात खटकण्यासारखं काही असतं हेही मला ठाऊक नव्हतं.

ज्यांनी ते यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ साली फॅमिकॉम नावाचं घरी टीव्हीला जोडायचं यंत्र काढलं. आपल्याकडे मध्यमवर्गीय आणि कामगार घरांत पोचल्या त्या मुख्यतः त्याच्या नकला. कुणाकडे सामुराई, कुणाकडे लिटल मास्टर, कुणाकडे नावगावच नसलेलं. पिवळी कॅसेट खोवायची, नाही लागली तर काढून तिच्यात फुंकर मारायची. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं, आत खेळ दहा-बाराच, बाकी तेच वेगळ्या नावानं पुन्हा पुन्हा. आणि दोन रिमोट. मूळ फॅमिकॉमच्या पहिल्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट अशी दोन बटणं होती. दुसऱ्याला ती नव्हतीच, त्याऐवजी बारीकसा माइक होता. म्हणजे दुसऱ्याला बोलायची सोय होती, सुरू करायची नव्हती. १९८५ साली अमेरिकेत विकायला काढलेल्या यंत्राचे दोन्ही रिमोट सारखे केले होते. आमची नक्कल मात्र जपानीची. माइक गेला, पण स्टार्टचं बटण काही आलं नाही.

दुसरा रिमोट माझा. तोही चाळीतला दुसरा मुलगा आला नसेल तेव्हाच.

आमच्या गॅलरीत सगळ्यांचा जीव की प्राण खेळ म्हणजे कॉन्ट्रा. कोनामी या जपानी कंपनीनं तो १९८७ साली पैसे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांसाठी काढला आणि १९८८ साली घरच्या यंत्रांवर आणला. दोन जवान, एक निळ्या पँटीतला, एक तांबड्या. जंगलातून बंदूक चालवत धावायचं, पुढे शत्रूचा तळ, मग धबधबा, बर्फ, शेवटी परग्रहावरच्या राक्षसाचं काळीज. आठ टप्पे. एक गोळी लागली की मेलात, आणि मरायला फक्त तीन लाइफ. अख्ख्या खेळात बाई नाही. नावाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षांत 'कॉन्ट्रा' हा शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत होता तो निकाराग्वातल्या डाव्या सरकारविरुद्ध अमेरिकेनं पोसलेल्या सशस्त्र टोळ्यांसाठी. हे मला एमएसडब्ल्यूला असताना कळलं आणि चार दिवस बालपणावर चिडले होते.

तरीही सांगते, तो खेळ उत्तम होता. डोळा आणि हात एकाच वेळी चालवावे लागत. कुठला शत्रू कुठून येणार हे पाठ करावं लागे. एस अक्षराची बंदूक मिळाली की पंख्यासारख्या गोळ्या सुटायच्या, तेव्हा जो आनंद होई तसा मला शाळेत कशानंही झाला नाही. आणि दोघांनी मिळून खेळण्यात तो जास्त रंगत असे. दोघंही एकाच बाजूचे, एकमेकांची गोळी एकमेकांना लागत नाही. एकानं वरचे शत्रू घ्यायचे, दुसऱ्यानं खालचे. भाऊ-बहिणीनं एका बाजूनं लढायचा असा दुसरा खेळ आमच्या घरात नव्हता.

आता तो धबधबा. तिसरा टप्पा. तिथे आडवं धावायचं नसतं, दगडांवरून उड्या मारत वर चढायचं असतं. जो पुढे चढेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला गेला की मरतो. गोळी लागायचीही गरज नाही. दुसऱ्याला थांबायला वेळ नव्हता म्हणून मरतो. दोघांनी एकमेकांकडे बघत बघत चढलं तरच दोघं वर पोचतात.

नेमक्या त्या वेळेला आई हाक मारायची. संध्याकाळी पाणी यायचं. "चल गो, कळशी घे." खेळ थांबवायला स्टार्ट दाबायचं असतं, आणि स्टार्ट दादाच्या रिमोटला. "दादा, थांब ना जरा." दादा थांबायचा नाही. मी रिमोट खाली ठेवून नळावर जायचे. परत येईपर्यंत माझा तांबडा जवान तिन्ही लाइफ संपून गेलेला असायचा. पुढे पुढे मी पाण्याची वेळ झाली की धबधब्याआधीच उठायला लागले. आणि घरात सगळे म्हणायला लागले, हिला गेममध्ये गोडी नाही, मुलींना नसतेच.

मुलींना यांत्रिक गोष्टींची आवड नसते, त्या आपणहून मागे राहतात, हे शिक्षकांच्या तोंडून आपण किती ऐकतो! मी माझ्या डोळ्यांनी ती 'नावड' तयार होताना पाहिली आहे. तिच्यात एक कळशी होती, सहा माणसांची भांडी होती आणि नसलेलं एक बटण होतं.

मुलांकडे आणखी एक गुपित होतं. सुरुवातीचा पडदा दिसत असताना वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, मग बी, ए दाबायचं. तीनच्या जागी तीस लाइफ मिळायच्या. ही खूण बसवणारे काझुहिसा हाशिमोतो २०२० साली वारले. १९८६ साली 'ग्रेडियस' नावाचा खेळ घरच्या यंत्रावर आणताना तो त्यांना स्वतःलाच इतका अवघड गेला की तपासणीसाठी त्यांनी ही पळवाट ठेवली. पुढे कोनामीच्या इतर खेळांतही ती राहिली. बनवणाऱ्यालाच खेळ झेपत नव्हता, हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या मजल्यावर ही खूण मुलांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती आणि मुलींना दाखवायची नाही असा दंडक होता. मला ती पाठ होती. मागे उभं राहून बघण्याचंच काम असेल तर सगळं पाठ होतं. पण दाबायची पहिल्या रिमोटवर.

एवढं घरचं. बाहेरच्या जगातही चित्र वेगळं नव्हतं. १९८५च्या सुपर मारिओत राजकन्या शेवटच्या किल्ल्यात वाट बघत बसलेली. १९८७च्या डबल ड्रॅगनची सुरुवातच अशी की रस्त्यात उभ्या असलेल्या मुलीच्या पोटात गुंड ठोसा मारतात आणि तिला खांद्यावर टाकून नेतात. दुकानातल्या मोठ्या यंत्रावर दोघं मिळून तो खेळ संपवला, की शेवटी ती कुणाची यासाठी त्या दोघांनाच एकमेकांशी लढावं लागे. १९८६च्या मेट्रॉइडमध्ये चिलखतातला योद्धा ही बाई निघते, पण ते कळतं खेळ संपल्यावर, आणि जितक्या लवकर संपवाल तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी. खेळणाऱ्याला बक्षीस! १९८९ साली निन्टेंडोनं हातात धरायचं यंत्र काढलं, त्याचं नावच गेमबॉय. अनिता सार्कीशियन या स्त्रीवादी समीक्षिकेनं २०१३पासून या सगळ्याची चिरफाड करणारी चित्रफितींची मालिका केली. त्याबद्दल तिला इतक्या धमक्या आल्या की २०१४ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठातलं व्याख्यान तिला रद्द करावं लागलं. लक्षात घ्या, खेळ बंद करा असं ती म्हणत नव्हती. ती स्वतः खेळणारी होती. बाईनं खेळून वर बोलावं, याचा राग होता.

आणि आपण? मारामारी, व्यसन, बंदी, एवढे तीनच शब्द आपल्यापाशी आहेत, आणि तेही आपले नाहीत. २०१९ साली राजकोटच्या पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या पोरांना अटकही केली. त्याच वर्षी आपल्या मुंबई उच्च न्यायालयात अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीनं बंदीची याचिका झाली. २०२०च्या सप्टेंबरात केंद्रानं पबजी बंद केला, तो चीनशी बिघडलं म्हणून. पोरांच्या काळजीपोटी नव्हे. २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायदा झाला. त्याचं मी स्वागत करते, कारण नवऱ्यानं मोबाइलवर पगार हरल्याच्या तक्रारी आपल्या सल्ला केंद्रात मी स्वतः लिहून घेतल्या आहेत. पण तो जुगाराचा प्रश्न आहे. आपल्या नाक्यावरच्या दुकानात जुगार चालत नाही, हे पत्र लिहिणाऱ्यांनाही माहीत आहे.

बंदीनं काय होईल ते वस्तीत काम करणाऱ्या कुणालाही सांगता येईल. मुलगे मोबाइलवर खेळतील, मित्राच्या घरी, जिन्याखाली, रात्री दोनपर्यंत नाक्यावर खेळतील. मुलीला मोबाइल स्वतःचा नाही, जिना तिचा नाही, नाका तर नाहीच. जे एक दार अर्धा तास तिच्यासाठी उघडं होतं तेवढं बंद होईल. आणि ते आपल्या सहीनं.

२०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवर 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. या शहरात बाई घराबाहेर दिसली की तिला काहीतरी काम आहे असं दिसावं लागतं, आणि बिनकामाचं भटकता येणं हा तिचा हक्क आहे, अशी त्यांची मांडणी. आपण या मताच्या आहोत असं मला वाटत होतं. मग आपल्या किशोरी गटाचं वेळापत्रक काढून पाहिलं. शिवण, मेंदी, संगणक, स्वसंरक्षण, मासिक पाळीची माहिती. सगळं उपयोगाचं. कराटेसुद्धा छेडछाड होते म्हणून, मजा येते म्हणून नाही. मुलीचा प्रत्येक तास कुठेतरी कामी आला पाहिजे, हे तिच्या आईवडिलांचं मत आहे. आपलं वेळापत्रक त्याहून वेगळं काय सांगतं? बायकांना खेळ मान्य आहे तो मंगळागौरीला, भोंडल्याला. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून मोटारसायकलवर बसायलाही आता कुणी हरकत घेत नाही. वर्षातली एक सकाळ, देवधर्माच्या आणि परंपरेच्या आडोशानं. मला मंगळागौर आवडते. पण मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता विनाकारण खेळायला बसलेली मुलगी आपल्याला का खुपते, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

केंद्र सरकारनं २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरच्या बिनमोल कामात बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांचे ९७, असं निघालं. हे आकडे आपण प्रत्येक ८ मार्चला फलकावर लिहितो. पण त्या २०२ मिनिटांच्या फरकात पुरुष काय करतो? सगळा वेळ कमवत नाही. त्यातला काही वेळ तो खेळतो, टेकतो, बघत बसतो. मागणी फक्त कामाच्या वाटणीची करून भागत नाही, मोकळ्या वेळाचीही वाटणी मागावी लागते. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९२ साली मान्यतेची मोहोर उठवली. त्याच्या ३१व्या कलमात विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क स्वच्छ लिहिलेला आहे. मुलींना वगळून, असं त्यात नाही.

"मैदानं आहेत की!" असं एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या. मी त्यांना फार मानते, पण हे त्यांनी नरे पार्कला संध्याकाळी जाऊन म्हणावं. किती मुलगे, किती मुली, मोजावं. आणि मैदानं तरी किती उरली? १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागांना द्यायचा होता. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची, इमारती पाडून निघालेली सगळी मालकाची. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला. आमच्या वडिलांच्या पिढीनं घाम गाळला त्या आवारांत खेळायचं तर आता तिकीट काढावं लागतं. दहा बाय पंधराच्या गाळ्यातलं नाक्यावरचं दुकान या सगळ्यातून उगवलं आहे. त्याला दोष देणं सोपं, कारण त्याचा मालक आपल्यासारखाच भाड्याचा माणूस आहे.

त्या दुकानात सगळं ठीक आहे असं मी म्हणत नाही. गेल्या पंधरवड्यात मी तिथे तीनदा जाऊन बसले. दाराला काळी काच आहे. आत अंधार. शिव्या अखंड चालू, आणि सगळ्या आईबहिणीवरून. मी शिरले तेव्हा पोरं गप्प झाली आणि मालकानं विचारलं, "ताई, कुणाला शोधताय?" मी म्हटलं, खेळायला आलेय. त्याला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून सांगितलं, तीन मुली यायच्या, त्या मुलीचं झाल्यापासून एकही आली नाही. खेळांतल्या बायका पूर्वीसारख्या नुसत्या पळवून नेलेल्या नसतात, त्याही बंदुका चालवतात, कपडे मात्र अजून बेताचेच.

म्हणून मी दुसरं पत्र लिहिलं आहे, आणि ते दुकानाच्या मालकासाठी आहे. काळी काच काढावी. तासाचे दर बाहेर लावावेत. शिवी दिली तर उठवावं. मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा, फक्त मुलींना. त्या दोन दिवशी आपल्यापैकी एकीनं तिथे बसावं, पहारा म्हणून नाही, खेळायला. मालक तोंडी हो म्हणाला आहे, कारण दुपारी त्याचं दुकान रिकामंच असतं. येत्या बैठकीत दोन्ही पत्रं समोर ठेवा. ज्या सतरा जणींनी पहिल्यावर सही केली आहे त्यांच्याशी भांडायची माझी तयारी आहे.

आणि एक तातडीचं. त्या मुलीचा दाखला शाळेतून अजून काढलेला नाही. वर्गशिक्षिकांना मी भेटले. दिवाळीनंतर ती हजर झाली तर वर्ष वाया जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. तिच्या वडिलांशी बोलायला मला एकटीला जायचं नाही, ते माझं ऐकून घेणार नाहीत. दोघी हव्यात. त्यातली एक तरी पहिल्या पत्रावर सही केलेली असावी. ते रविवारी सकाळी घरी असतात, भाऊ नऊनंतर खाली उतरतो. दहाला भारतमाता सिनेमाच्या समोर भेटू.